पोलादाचे उरलेले आयुष्य कसे मोजतात?

वीज केंद्रांच्या कामावर जाणाऱ्या कारागिरांसाठी आणि जुन्या पाइपांचा व्यापार करणाऱ्यांसाठी

नागपूर शहर मागे पडले की कोराडीच्या उंच चिमण्या दिसू लागतात. त्यांच्यापलीकडे खापरखेडा. या दोन वीज केंद्रांनी विदर्भातील हजारो घरांची रोजी चालवली आहे. मोमीनपुरा आणि कामठी येथील आपले वेल्डर, फिटर, खरादवाले आणि ग्राइंडर चालवणारे बांधव पेटी ठेकेदारांमार्फत तेथील ओव्हरहॉलच्या कामावर जात असतात. केंद्रातून निघालेले जुने पाइप, ट्यूब आणि व्हॉल्व्ह लिलावातून भंगार व्यापाऱ्यांच्या गोदामात येतात. म्हणजे या केंद्रांच्या पोलादाशी आपला संबंध दोन्ही टोकांना आहे. ते बसवताना आहे आणि ते मोडीत निघाल्यावरही आहे.

असे असूनही एका प्रश्नाकडे आपले लक्ष कमी असते. हा पाइप अजून किती दिवस टिकेल? अनेक कारागीर हातोडीने ठोकून आवाज ऐकतात, गंज पाहतात आणि 'माल अजून ठणठणीत आहे' असे सांगून मोकळे होतात. साध्या पाण्याच्या पाइपाला हा अंदाज कदाचित चालेल. वाफेच्या पाइपाला तो चालत नाही. तेथे चूक झाली तर माणसे जातात. म्हणून या अंकात आम्ही पोलादाचे वय ओळखण्याची विद्या थोडक्यात मांडत आहोत.

पोलाद म्हातारे कसे होते?

२१० मेगावॉटच्या संचात बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ साधारण ५४० अंश सेल्सियस तापमानाची असते. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो असतो. कोराडीत २०१५ ते २०१७ या काळात सुरू झालेल्या ६६० मेगावॉटच्या तीन संचांत तापमान आणि दाब याहूनही जास्त आहेत. अशा उष्णतेत आणि ताणात पोलाद वर्षानुवर्षे राहिले की त्याला तीन-चार प्रकारचे आजार जडतात.

पहिला आजार क्रीप. गरम पोलाद ताणाखाली अत्यंत सावकाश ताणले जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण पाइप केसाच्या जाडीने फुगत जातो. त्याच वेळी धातूच्या कणांच्या सीमेवर सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. आधी एकट्या-दुकट्या पोकळ्या दिसतात, मग त्या ओळीने दिसू लागतात, पुढे त्या जुळून बारीक तडे होतात आणि शेवटी मोठा तडा जातो.

दुसरा आजार धातूच्या रचनेतील बदलाचा. नव्या पोलादाला बळ देणारे कार्बाइडचे बारीक थर उष्णतेने मोडतात. त्यांचे गोळे होतात आणि ते गोळे मोठे होत जातात. पोलाद मऊ पडते. वरून रंग तोच राहतो आणि जाडीही तीच राहते, पण ताकद कमी झालेली असते.

तिसरा आजार झिजण्याचा. कोळशाच्या राखेचे कण वेगाने आपटून ट्यूब बाहेरून घासल्या जातात. आतून पाणी आणि वाफ गंज चढवतात. वाफेच्या बाजूला जमलेला ऑक्साइडचा थर उष्णता अडवतो. त्यामुळे वाफेचे तापमान ठीक दिसत असतानाही ट्यूबचा धातू ठरल्यापेक्षा जास्त तापतो.

चौथा आजार थकव्याचा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. तसेच संच पुन्हा पुन्हा गरम-थंड झाला की जाड भागांना तडे जातात. हा आजार आता वाढणार आहे. दिवसा सौर वीज भरपूर येते, तेव्हा कोळशाचे संच खाली आणावे लागतात आणि संध्याकाळी पुन्हा चढवावे लागतात. कोळशाचे संच किमान ४० टक्के भारापर्यंत उतरवता आले पाहिजेत, असा नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केला. रोजच्या या चढ-उताराचा हिशेब शेवटी पोलादालाच चुकवावा लागतो.

दुर्लक्षाची किंमत

अमेरिकेतील नेवाडा राज्यात मोहावे नावाचे कोळशाचे वीज केंद्र होते. ते १९७१ मध्ये सुरू झाले. जून १९८५ मध्ये तेथील गरम वाफेच्या मोठ्या पाइपाचा लांबीचा वेल्ड फाटला आणि ६ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्र फार जुने नव्हते, जेमतेम १४ वर्षांचे होते. वेल्डच्या आत क्रीपने घर केले होते आणि बाहेरून ते कोणाला दिसले नव्हते.

दुसरी घटना जपानची. मिहामा अणुवीज केंद्राचा तिसरा संच १९७६ मध्ये सुरू झाला. ९ ऑगस्ट २००४ रोजी त्याचा गरम पाण्याचा एक पाइप फुटला. त्या पाइपात किरणोत्सार नव्हता, पण उसळलेल्या वाफेने ५ कामगारांचा बळी घेतला. मुळात १० मिलिमीटर जाड असलेली पाइपाची भिंत झिजून फुटलेल्या जागी दीड मिलिमीटरहूनही कमी राहिली होती. तपासणीच्या यादीत ती जागाच राहून गेली होती. २८ वर्षांत तिची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती. मेलेले पाचही जण ठेकेदाराकडचे कामगार होते. पुढच्या तपासणीची तयारी करण्यासाठी ते तेथे गेले होते.

या दोन घटना आम्ही मुद्दाम सांगितल्या. पाइप फुटतो तेव्हा त्याच्याजवळ उभा असतो तो कारागीर. त्यामुळे ही विद्या इंजिनियर साहेबांची आहे, आपल्याला काय करायचे, असे म्हणून चालणार नाही.

तपासणी कशी करतात?

जाडी मोजणे ही पहिली पायरी. अल्ट्रासॉनिक यंत्राची छोटी कांडी पाइपावर टेकवली की ध्वनिलहर भिंतीतून जाऊन परत येते आणि जाडीचा आकडा दिसतो. याच तत्त्वाने आतील ऑक्साइडचा थरही मोजता येतो. बाहेरचा व्यास मोजून पाइप किती फुगला ते कळते.

दुसरी पायरी तड्यांच्या शोधाची. लाल डाय लावून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारण्याची पद्धत आपल्या बहुतेक वेल्डरांना माहीत आहे. तिने पृष्ठभागावर उघडे असलेले तडे दिसतात. चुंबक आणि लोखंडाची बारीक भुकटी वापरली की पृष्ठभागाच्या किंचित खालचे तडेही उमटतात. आणखी खोलवरचे दोष अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफीने शोधतात.

तिसरी पायरी कठीणपणा मोजण्याची. हातात धरता येणाऱ्या यंत्राने पोलाद किती मऊ पडले ते कळते.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि आपल्या कारागिरांच्या हाताची परीक्षा पाहणारी आहे. तिला रेप्लिका म्हणतात, मराठीत आपण ठसा म्हणू. पाइप न कापता त्याच्या धातूचा ठसा घेतात. पाइपावर, बहुधा वेल्डला लागून, एक लहान जागा निवडतात. वरचा थर हलक्या हाताने ग्राइंड करतात. मग १२० नंबरपासून ६०० नंबरपर्यंत एकापाठोपाठ एक बारीक पॉलिश पेपर चालवतात. शेवटी डायमंड पेस्टने आरशासारखी चकाकी आणतात. त्यावर अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळून केलेले द्रावण लावले की धातूचे कण उठून दिसतात. नंतर अॅसिटोनने मऊ केलेली पातळ पारदर्शक फिल्म त्या जागेवर दाबतात. काही मिनिटांनी ती सोलून काचेच्या पट्टीवर चिकटवतात. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ही फिल्म पाहिली की पोकळ्या आहेत काय, त्या ओळीने आहेत काय, कार्बाइडचे गोळे झाले काय, हे सर्व दिसते.

येथे पॉलिश करणाऱ्याने घाई केली तर सारे काम वाया जाते. ग्राइंडर जोरात दाबला तर वरचा थर तापून रचना बदलते आणि ठसा खोटा येतो. एका पेपरचे ओरखडे पूर्ण न काढता पुढचा पेपर घेतला तर तेच ओरखडे तड्यासारखे दिसतात. एकाच जागी खोल ग्राइंड केले तर तपासणी करता करता पाइपच पातळ होतो. ज्याच्या हाताला सवय आणि मनाला सबुरी आहे, त्याच कारागिराचे हे काम.

उरलेल्या आयुष्याचा हिशेब

आता हिशेब पाहू. झिजणाऱ्या भागाचा हिशेब सोपा आहे. समजा, एका ट्यूबची जाडी नवी असताना ४ मिलिमीटर होती. ८ वर्षांनी ती ३.२ मिलिमीटर भरली. म्हणजे वर्षाला ०.१ मिलिमीटर झीज. नियमानुसार किमान जाडी २.४ मिलिमीटर ठरली असेल, तर ०.८ मिलिमीटर शिल्लक आहे आणि याच वेगाने ८ वर्षे निघतील. पण झिजेचा वेग सगळीकडे आणि नेहमी सारखा नसतो. म्हणून शहाणा माणूस आठ वर्षे वाट न पाहता त्याच्या निम्म्या मुदतीच्या आतच पुन्हा मोजतो.

क्रीपचा हिशेब तापमानाचा आहे. लार्सन आणि मिलर या दोघांनी १९५२ मध्ये त्याचे सूत्र मांडले आणि ते आजही वापरात आहे. सेल्सियस तापमानात २७३ मिळवावे. तासांच्या आकड्याचा लॉगॅरिदम घेऊन त्यात २० मिळवावेत. या दोहोंचा गुणाकार करावा. त्याच ताणाखाली त्याच पोलादासाठी हा गुणाकार कायम राहतो.

उदाहरण घेऊ. समजा, एक पाइप ५४० अंशांवर १ लाख तास टिकणार आहे. ५४० अधिक २७३ म्हणजे ८१३. १ लाखाचा लॉगॅरिदम ५, त्यात २० मिळवून २५. गुणाकार २०,३२५. आता तोच पाइप ५५० अंशांवर, म्हणजे ८२३ वर चालवला तर? २०,३२५ ला ८२३ ने भागले की सुमारे २४.७ येतात. त्यातून २० वजा केले की ४.७ उरतात. ४.७ हा सुमारे ५० हजारांचा लॉगॅरिदम आहे. म्हणजे केवळ १० अंश वाढले आणि आयुष्य निम्मे झाले! ५६० अंशांवर हाच हिशेब केला तर २५ हजार तास उरतात, म्हणजे पाव आयुष्य.

हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. वाफेच्या पाइपाचे वय फक्त कॅलेंडरवर मोजायचे नसते. तो किती तापमानाला किती तास राबला, हे पाहायचे असते. शेजारी शेजारी असलेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या दोन ट्यूबांपैकी एक तरुण आणि दुसरी म्हातारी असू शकते.

आता खर्ची पडलेले आयुष्य कसे मोजायचे? वरचाच पाइप ५४० अंशांवर ४० हजार तास चालला. १ लाखातले ४० हजार, म्हणजे ४० टक्के आयुष्य संपले. मधल्या काळात काही बिघाडामुळे तो ५५० अंशांवर १० हजार तास चालला. तेथे एकूण आयुष्य ५० हजार तासांचे होते, म्हणून आणखी २० टक्के संपले. एकूण ६० टक्के गेले, ४० टक्के उरले. पुढे ५४० अंशांवर चालवला तर ४० हजार तास मिळतील. संच वर्षाला ७,००० तास चालतो असे धरले तर ही साडेपाच वर्षांहून थोडी जास्त मुदत झाली. पण ५६० अंशांवर चालवला तर १० हजारच तास, म्हणजे दीड वर्षही नाही. अर्थात हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात जाणकार संस्था ठसा, जाडी, कठीणपणा आणि हा हिशेब एकत्र ठेवून, सुरक्षिततेची जागा सोडून निर्णय देतात.

कायदा आणि काम

१९५० च्या बॉयलर नियमावलीने ३९१-ए या कलमात ही तपासणी बंधनकारक केली. ४०० अंश वा त्याहून जास्त तापमानाला चालणारे, क्रीप होऊ शकणारे भाग १ लाख तासांनंतर तपासायचे. बॉयलरला २५ वर्षे झाली की उरलेल्या आयुष्याची तपासणी करायची आणि तिच्या निकालावरच पुढची मुदत मिळायची. निकाल बरा नसेल तर दाब कमी करण्याचीही तरतूद केली गेली. १९२३ च्या जुन्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये संसदेने नवा बॉयलर कायदा केला आहे. म्हणून काम घेण्यापूर्वी राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे चालू नियमांची चौकशी करावी.

नागपूरच्या आसपास या कामाला तोटा नाही. कोराडीचा १२० मेगावॉटचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. तशा चारही संचांचे आयुष्य आता संपले आहे आणि ते निवृत्त झाले आहेत. पण तेथील २१० मेगावॉटच्या सहाव्या संचासाठी वेगळा मार्ग निवडला गेला. १९८२ च्या या संचाचे नूतनीकरण करण्याचे ठरले आणि जागतिक बँकेने २००९ मध्ये मंजूर केलेल्या जुन्या कोळसा संचांच्या पुनर्वसन प्रकल्पात त्याचा समावेश झाला. एका संचाला निरोप आणि दुसऱ्याला नवे आयुष्य, हा निवाडा अशाच तपासण्यांच्या आधारे होतो. खापरखेड्याचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच १९८९ आणि १९९० चे आहेत. केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे औष्णिक संशोधन केंद्र कोराडीतच आहे. धातुशास्त्राचा विभाग असलेली विश्वेश्वरय्या संस्था नागपुरात आहे. विद्या दाराशी आहे, आपण दार ठोठावले पाहिजे.

तरुणांना आमचे सांगणे असे. केवळ ग्राइंडर चालवून हजेरी घेण्यापेक्षा एक पायरी वर चढावे. डाय, चुंबक आणि अल्ट्रासॉनिक तपासणीचे अभ्यासक्रम व परीक्षा असतात. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही संस्था त्या घेते. पहिली आणि दुसरी पातळी उत्तीर्ण झालेल्या माणसाची मजुरी आणि मान दोन्ही वाढतात. रेडिओग्राफीसाठी मात्र अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम कडक आहेत. परवान्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. वेल्डर बांधवांनी बॉयलर वेल्डरची परीक्षा द्यावी आणि प्रमाणपत्राची मुदत संपू देऊ नये. जुन्या ट्यूबवर वेल्डिंग करताना आधी तिची जाडी आणि प्रकृती विचारावी. ओव्हनमधील कोरडे इलेक्ट्रोड वापरावेत, ठरवून दिलेली उष्णता द्यावी आणि ट्यूबवर जागोजागी आर्क मारून पाहू नये. त्या प्रत्येक डागातून पुढे तडा जाऊ शकतो.

भंगार व्यापाऱ्यांसाठी दोन शब्द

आता आमच्या व्यापारी बांधवांकडे वळू. लिलावात आलेला जुना बॉयलर पाइप जाडजूड असतो. ब्रश मारून रंग दिला की नव्यासारखा दिसतो. भंडारा-गोंदियाच्या उसना तांदळाच्या गिरणीला किंवा एखाद्या रंगाईच्या कारखान्याला स्वस्त पाइप हवा असतो. गिऱ्हाईक विचारते, 'वाफेला चालेल ना?' येथे व्यापाऱ्याच्या ईमानाची कसोटी लागते. त्या पाइपाने किती तास आणि किती तापमान सोसले, हे विकणाऱ्याला माहीत नाही. आतल्या पोकळ्या त्यालाही दिसत नाहीत. बॉयलरच्या कामाला आयबीआर प्रमाणपत्र असलेलाच माल लागतो आणि वापरून काढलेल्या पाइपाला नव्या मालाचे प्रमाणपत्र लावता येत नाही. म्हणून उत्तर एकच, 'वाफेला चालणार नाही.'

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, हे बजावले. जुन्या पाइपाची ओल आतच असते. ती वर आणून दाखवणे हाच आपला व्यवहार असला पाहिजे.

यात नुकसान आहे, असे कोणी समजू नये. हाच पाइप फाटकाला, शेडच्या खांबाला, कुंपणाला उत्तम चालतो. जाडी मोजून द्यावी, पाइपावर रंगाने 'वाफेसाठी नाही' असे लिहावे आणि पावतीवरही तसे नमूद करावे. मिश्रधातूचा माल वेगळा काढून वितळवणाऱ्या कारखान्याला दिला तर साध्या लोखंडापेक्षा चांगला भाव मिळतो. जो व्यापारी आपल्या मालाचा दोष आधी सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

वेल्डर असो, ठसा घेणारा असो की भंगार विकणारा, पोलादाच्या पोटातले खरे ज्याला कळते त्याने ते सांगितले पाहिजे. त्या पाइपाजवळ उद्या कोणाचा तरी मुलगा कामाला उभा राहणार आहे. अल्लाह आपल्या हाताला हुन्नर, जिभेला सचोटी आणि रोजीत बरकत देवो.